शब्दसंपत्तीची पारख

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत कोरकू बोलणारी मुले पहिलीत दाखल होतात, तेव्हा मराठी ही त्यांची घरची भाषा नसते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. गडचिरोलीकडील गोंडी द्राविड कुळातील. अशा मुलास किती मराठी शब्द येतात हे शिक्षकास प्रारंभीच कळणे अगत्याचे असते. ते न कळल्यास शब्दांच्या अज्ञानास बुद्धीचे मांद्य समजले जाते आणि मूल मागल्या बाकावर जाऊन बसते, ते तेथेच राहते.

परंतु शब्द येणे म्हणजे तरी काय? ऐकल्यावर ओळखणे निराळे, अर्थ सांगणे निराळे आणि स्वतःच्या वाक्यात योजणे त्याहून निराळे. ‘पाट’ म्हणजे बसावयाचे आसन हे ठाऊक असलेले मूल ‘पाटाचे पाणी’ ऐकून गोंधळते. मराठीत तर शब्दाचे रूपही पालटते. ‘पाणी’ जाणणाऱ्यास ‘पाण्यात’ हा शब्द अनोळखी वाटू शकतो. म्हणून ‘येतो’ वा ‘येत नाही’ एवढ्या नोंदीवर भागत नाही.

या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने इंग्रजीच्या संदर्भात झाला. ढाक्यास अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी सुमारे 2,000 उपयुक्त शब्दांची यादी 1953 साली प्रसिद्ध केली. पुढे पॉल नेशन यांनी 1983 मध्ये शब्दांच्या वारंवारतेनुसार स्तरवार चाचणी सिद्ध केली. तीत सहा शब्दांतून तीन अर्थांचे जोडीदार निवडावयाचे असतात. पॉल मीरा यांनी याच दशकात निराळी युक्ती योजली. खऱ्या शब्दांत काही बनावट शब्द मिसळून ‘हा शब्द येतो का?’ एवढेच विचारावयाचे. ‘झिरमोळ’सारख्या निरर्थक शब्दालाही जो होकार देतो, त्याचे इतर होकारही जपूनच धरावे लागतात.

लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांची पद्धत सोयीची. शिक्षकाने शब्द उच्चारावा, मुलाने चारांपैकी योग्य चित्रावर बोट ठेवावे. मात्र 40 शब्दांत निव्वळ अंदाजानेही दहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, हे विसरता कामा नये. शिवाय चित्रे परिचित हवीत. माड आणि होडी चितारलेला तक्ता मेळघाटात टांगून घेतलेली परीक्षा ही शब्दांची नव्हे, भूगोलाची होय!

शब्दांची निवड पाठ्यपुस्तकातूनच करता येते. पुस्तकातील 1,000 शब्दांच्या यादीतून दर विसावा शब्द घेतल्यास 50 शब्दांची चाचणी तयार होते. त्यांपैकी 30 शब्दांचे अर्थ मुलाने सांगितले, तर यादीतील सुमारे 600 शब्द त्यास येतात असे ढोबळमानाने धरता येते. यात केवळ वस्तुनामे भरू नयेत. ‘प्रत्येकी’, ‘उरले’, ‘पेक्षा’ हे शब्द अडले की गणितही अडते, आणि दोष मात्र गणिताच्या माथी येतो.

जो मराठी शब्द मुलास सांगता आला नाही, तीच वस्तू दाखवून त्याच्या मातृभाषेतील शब्द विचारावा व तो वेगळ्या रकान्यात टिपावा. शिक्षकास ती भाषा अवगत नसल्यास गावातील जाणत्या व्यक्तीची मदत घेता येते; हे काम शाळा व्यवस्थापन समितीमार्फत सहज जमण्याजोगे आहे. दोन्ही रकाने रिकामे असतील तर कल्पनाच शिकवावी लागेल. दुसरा रकाना भरलेला असेल तर केवळ मराठी नाव पुरवावयाचे उरते.