शेतकऱ्याचा पोरगा, ३५९ सामने : टॉम हॉकिन्सच्या कारकिर्दीतून काय दिसतं?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याकडे बॉक्सिंग डे कसोटीमुळे माहीत आहे. पण तिथे दरवर्षी लाखाच्या आसपास माणसं जमतात ती एका वेगळ्याच खेळाच्या अंतिम सामन्याला. तो खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. जिलाँग क्लबच्या टॉम हॉकिन्सने हा अंतिम सामना तीनदा जिंकला आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. फिनली या छोट्या गावाजवळच्या शेतावर वाढलेला हा पोरगा. 'शेतातून थेट स्टेडियमवर' अशी ही गोष्ट सांगायला सोपी, पण घडली मात्र तशी नाही.

राज्य एक, खेळ दुसऱ्या राज्याचा

फिनली न्यू साउथ वेल्स राज्यात आहे. दक्षिणेला थोड्याच अंतरावर मरे नदी आणि नदीपलीकडे व्हिक्टोरिया राज्य. शेती कालव्याच्या पाण्यावरची, म्हणजे भात, गहू आणि दुभती जनावरं. राज्याची राजधानी सिडनी, आणि सिडनीत जोर रग्बीचा. फिनलीत मात्र मेलबर्नचा खेळ खेळतात. मरे फुटबॉल लीगमध्ये नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांचे क्लब आहेत. रग्बीचा मुलूख कुठे संपतो आणि फुटबॉलचा कुठे सुरू होतो, त्या रेषेला इतिहासकार इयान टर्नर यांनी १९७८ मध्ये 'बरासी लाइन' असं नाव दिलं. रॉन बरासी हे या खेळातले मोठे खेळाडू आणि प्रशिक्षक. ही रेषा राज्याच्या हद्दीवरून जात नाही. नकाशावरची हद्द एकीकडे आणि माणसांची सवय दुसरीकडे, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

खेळ कसा चालतो

लंबगोल मैदान, प्रत्येक संघात १८ खेळाडू, चार क्वार्टर. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारला की गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या खांबातून गेला किंवा खांबाला लागला तर १ गुण. लांबून मारलेला चेंडू हवेतच पकडला तर त्याला 'मार्क' म्हणतात, आणि पकडणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. हॉकिन्स सहा फुटांहून बराच उंच आणि वजनाने शंभर किलोच्या वर. गोलजवळ उभं राहून मार्क घेणं हेच त्याचं काम.

बापाच्या नावाचा दरवाजा

या खेळात खेळाडूला मनासारखा क्लब निवडता येत नाही. दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. त्यात क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्याला आधी संधी मिळते. गावाकडच्या मुलाला घरापासून हजारो किलोमीटरवरच्या पर्थलाही जावं लागू शकतं.

याला एक अपवाद आहे, तो 'फादर-सन' नियम. वडील त्याच क्लबकडून किमान १०० सामने खेळलेले असतील, तर मुलावर त्या क्लबचा हक्क राहतो. टॉमचे वडील जॅक हॉकिन्स जिलाँगकडून १८२ सामने खेळले होते. टॉम शाळेसाठी मेलबर्न ग्रामरमध्ये, बोर्डिंगला होता. २००६ च्या ड्राफ्टमध्ये जिलाँगला तो ४१ व्या क्रमांकावर मिळाला. एवढा गुणी मुलगा इतक्या स्वस्तात जातो म्हटल्यावर बाकी क्लबांची कुरबुर झाली. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि अशा मुलांसाठी इतर क्लबांनाही बोली लावता येऊ लागली.

म्हणजे तो शेतकऱ्याचा पोरगा खराच, पण त्याच्यासाठी एक दरवाजा आधीच उघडा होता.

पाच वर्षांची वाट

दरवाजातून आत गेला म्हणून काम झालं नाही. २००७ मध्ये तो पहिला सामना खेळला. त्याच वर्षी जिलाँगने ४४ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, पण अंतिम संघात तो नव्हता. २००९ ला होता. तेव्हा त्याचा एक 'गोल' खांबाला लागूनही पंचांनी मान्य केला आणि जिलाँग १२ गुणांनी जिंकलं. व्हिडिओ पाहून निर्णय देण्याची पद्धत आली ती २०१२ मध्ये. त्या वादात हा गोल कायम उदाहरण म्हणून दिला जायचा.

२०११ मध्येही तो संघात कधी आत, कधी बाहेर. अंतिम सामन्यात जेम्स पॉडसियाडलीचा खांदा निखळला आणि पुढच्या फळीचा सगळा भार हॉकिन्सवर आला. त्याने ३ गोल मारले. कॉलिंगवूड ३८ गुणांनी हरलं. पुढच्या वर्षी त्याने ६२ गोल केले. त्यातला एक हॉथॉर्नविरुद्ध, शेवटचा भोंगा वाजल्यानंतर लांबवरून मारलेला, सामना जिंकून देणारा.

२०२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करून कोलमन पदकाचा मानकरी झाला. २०२२ च्या अंतिम सामन्यात सिडनीचा ८१ गुणांनी धुव्वा उडाला, त्यात सुरुवातीचे दोन्ही गोल त्याचे. २०२४ मध्ये जोएल सेलवूडचा ३५५ सामन्यांचा क्लब विक्रम त्याने मोडला. मग पायाची दुखापत झाली आणि त्याच वर्षी तो थांबला. एकूण ३५९ सामने, ७९६ गोल.

बाकीच्या पोरांचं काय?

हॉकिन्सच्या मागे तीन गोष्टी होत्या. गावात खेळाची पक्की सवय, वडिलांमुळे मिळालेला क्लब, आणि सुरुवातीची पाच वर्षं थांबायला तयार असलेलं व्यवस्थापन. पहिली गोष्ट फिनलीच्या प्रत्येक पोराला मिळते, दुसरी फारच थोड्यांना.

ज्यांचे वडील खेळलेले नाहीत, अशा मुलांसाठी मरे बुशरेंजर्ससारखे १८ वर्षांखालचे प्रादेशिक संघ आहेत. नदीच्या दोन्ही काठांवरची मुलं त्यात खेळतात आणि मोठे क्लब तिथूनच पोरं हेरतात. पण पाचव्या वर्षापर्यंत कोण थांबणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतोच. क्लबला कमी किमतीत मिळालेल्या, नावाजलेल्या खेळाडूच्या मुलाला जितकी सवड मिळते, तितकी सगळ्यांना मिळतेच असं नाही.