शक्तिमान शिळा झाला तेव्हा

दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ रोजी. मुंबईत फणसवाडीतल्या आमच्या चाळीत तोवर केबल आली होती, तरी शक्तिमानच्या वेळेला घराघरांतून दूरदर्शनच ऐकू यायचं. पुढे मालिका रविवारी दुपारी लागू लागली आणि बाराच्या ठोक्याला गॅलरीतलं क्रिकेट थांबायला लागलं.

सुरुवातीचे भाग खरोखर चांगले होते. मुकेश खन्नांचा शक्तिमान योगसाधनेतून, सात चक्रं जागवून घडलेला. समोर ललित परिमूंचा डॉक्टर जैकाल, प्रयोगशाळेत बसून सत्तेची स्वप्नं पाहणारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉली मेंढीची बातमी जगभर गाजली होती. प्रयोगशाळेत जीव घडवता येतो, मग तो कुणाच्या हुकमात राहणार, हा प्रश्न शाळकरी पोरांनाही पडत होता. जैकालमुळे तो दर आठवड्याला घरात यायचा. विज्ञानकथेला याहून चांगली जमीन कोणती हवी?

पण त्या जमिनीत पुढे काही पेरलंच गेलं नाही. खलनायक तमराज किल्विश 'अंधेरा कायम रहे' म्हणणार, नवा राक्षस पाठवणार, शक्तिमान आधी मार खाणार, मग गरगर फिरून त्याला संपवणार. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त मुखवटा वेगळा. हरल्याने किल्विशचं काही जात नव्हतं आणि जिंकून शक्तिमान बदलत नव्हता. जैकालच्या एवढ्या प्रयोगांनंतरही शहर होतं तसंच राहिलं. माझ्या मते मालिका तिथेच संपली. स्वस्तातली चित्रकरामत आम्ही आनंदाने खपवून घेत होतो. घटनांना परिणामच नसणं मात्र दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

१९९८ मध्ये केतन मेहतांच्या 'कॅप्टन व्योम'मध्ये मिलिंद सोमण थेट बाविसाव्या शतकात गेला. ती मालिका मला आजही जास्त आवडते, कारण पकडायचे गुन्हेगार बाराच होते. गोष्टीला शेवट ठाऊक होता.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. १९७९ मध्ये त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह मौज प्रकाशनाने काढला. मौज तेव्हा खटाववाडीत होती, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यातल्या 'उजव्या सोंडेचा गणपती'त डाव्याउजव्याची अदलाबदल होते, आणि त्या एका कल्पनेतून क्रिकेटच्या मैदानापासून गणपतीच्या मूर्तीपर्यंत सगळं ओघाने येतं. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर हेही लिहीत होते. 'शक्तिमान'ला कल्पनांचा दुष्काळ पडला तेव्हा त्याच शहरात, मराठीत, कोठार भरलेलं होतं.

२७ मार्च २००५ रोजी मालिका बंद झाली. दूरदर्शनचं वाढत गेलेलं शुल्क परवडेना, असं कारण मुकेश खन्नांनी नंतर सांगितलं. ते खरंही असेल, पण आमच्या गॅलरीतलं रविवारचं क्रिकेट त्याच्या कितीतरी आधी पुन्हा सुरू झालं होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये 'शक्तिमान'वर तीन चित्रपट काढण्याची घोषणा झाली. ते जे कुणी लिहितील त्यांना एवढीच विनंती: पोशाख आणि राक्षस ठरवण्याआधी 'यक्षांची देणगी' वाचा.