मजकूर आणि हुकूम

सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची, तरी तो पुन्हा कंपाइल करावा लागतो. म्हणून वरचेवर बदलणारे नियम एखाद्या छोट्या भाषेत लिहितात आणि त्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी, सी प्रोग्रामच्या पोटातच बसवतात. या दुभाष्याला बाहेरची माहिती द्यायची कशी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रोग्रामची सुरक्षितता मात्र त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. ‘लुआ’ या भाषेच्या उदाहरणाने ते स्पष्ट होईल.

लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. रोबेर्तो इएरुझालिम्स्की, लुइझ एन्रीके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे कर्ते. संगणक आयातीवरच्या कडक निर्बंधांमुळे आपली हत्यारे आपणच घडवण्याची सवय तिथे रुजली होती. पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी आधी केलेल्या एका भाषेचे नाव होते ‘सोल’. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून हिचे नाव लुआ, म्हणजे चंद्र.

सी आणि लुआ यांच्यातला सगळा व्यवहार एका स्टॅकवरून चालतो. स्टॅक म्हणजे ताटांसारखी चळत. सी त्यावर आकडा किंवा अक्षरमाला ठेवते आणि लुआ ती उचलते. उत्तरही त्याच वाटेने परत येते. लुआचा मजकूर मात्र आधी ‘लोड’ करावा लागतो. तो एकदम देता येतो किंवा तुकड्यातुकड्यांनी. तुकड्यांनी द्यायचा असेल तर ‘लुआ लोड’ हे फंक्शन आपल्या वाचक-फंक्शनकडे पुढचा तुकडा मागत राहते. रिकामा तुकडा आला की मजकूर संपला असे समजते. लोड झाल्याने काहीच चालत नाही. तयार झालेले फंक्शन फक्त चळतीवर येऊन बसते.

धोका पुढेच आहे. समजा, वापरणाऱ्याने टाइप केलेले नाव लुआला द्यायचे आहे. सोपी वाटणारी युक्ती म्हणजे ते नाव अवतरणचिन्हांत घालून लुआच्या मजकुरातच चिकटवायचे. पण कोणी आपल्या टोपणनावाला अवतरणचिन्ह दिले, की वाक्य मोडते आणि लोड फसते. कोणी मुद्दाम चिन्ह बंद करून पुढे ‘ओएस एक्झिट’ची आज्ञा लिहिली, तर लुआ ती इमानाने पाळते आणि सीचा सगळा प्रोग्रामच बंद पडतो. नाव म्हणून आलेला मजकूर हुकूम होऊन बसतो.

योग्य रीत अशी : आधी फंक्शन चळतीवर ठेवावे, त्यावर ‘लुआ पुश-स्ट्रिंग’ने नाव ठेवावे आणि ‘लुआ पी-कॉल’ला किती मूल्ये दिली, किती उत्तरे हवीत ते सांगावे. असे आलेले नाव लुआ मूल्य म्हणूनच घेते, आज्ञा म्हणून वाचत नाही. चूक झालीच, तर पी-कॉल प्रोग्राम न पाडता चुकीचा संदेश चळतीवर ठेवते.

मजकूर लिहिणाराच अनोळखी असेल, तर एवढे पुरत नाही. विकिपीडियावर साच्यांमागचा लुआ मजकूर कोणीही संपादक लिहू शकतो. म्हणून तिथे ‘ओएस एक्झिट’सारख्या आज्ञा मुळात उपलब्धच नसतात. पाहुण्याला घरात घ्यावे, पण तिजोरीच्या किल्ल्या आपल्याच कमरेला असाव्यात.