तरवड आणि आपला पोटखराबा

ज्यांचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, त्या आम्हांस 'पोटखराबा' हा शब्द फार परिचयाचा आहे. लागवडीस अयोग्य म्हणून आकारणींतून वगळलेली खडकाळ जागा, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. सातबाराच्या उताऱ्यावर तो आम्हीं असंख्य वेळां लिहिला. परंतु त्या जागेंत काय उगवतें, हें पाहण्याची बुद्धि निवृत्तीनंतरच झाली.

तेथें बहुधा तरवड उभा असतो. शेंगा धरणाऱ्या कुळांतील हें झुडूप मूळचें याच देशाचें. संस्कृतांत यास आवर्तकी म्हणतात व शास्त्रांत सेन्ना ऑरिक्युलाटा. पानाच्या देठाशीं कानाच्या पाळीसारखीं दोन रुंद उपपर्णें असतात, त्यांवरून हें शास्त्रीय नांव पडलें. फुलें हळदीसारखीं पिवळीं, शेंगा चपट्या व कागदासारख्या पातळ. तेलंगण राज्यानें २०१४ सालीं यासच राज्यपुष्पाचा मान दिला. तेथील बतुकम्मा सणांत हीं फुलें रचतात.

सह्याद्रीच्या पूर्वेस, जेथें वर्षाकांठीं ५००-६०० मिलिमीटर पाऊस मोठ्या मिनतवारीनें पडतो, तेथील मुरमाड माळ, ओढ्यांचे कांठ व जुने बांध हें याचें घर. गुरें व शेळ्या यास सहसा तोंड लावीत नाहींत. तोडला तरी बुडख्यापासून पुन्हां फुटतो. म्हणून माळावरचें गवत संपलें तरी तरवड उरतो. माळावर एकटा तरवडच दिसूं लागला, तर चराई फार झाली असें बहुधा समजावें. दोष तरवडाचा नव्हे.

याच्या सालींत शेंकडा १५ ते २० टॅनिन असतें. त्यामुळें दक्षिणेंत कातडीं कमावण्यास ही साल पूर्वी फार खपत असे. पुढें बाहेरून येणाऱ्या वॅटलच्या सालीनें तिची जागा घेतली.

मात्र भलती आशा धरूं नये. तूर-हरभऱ्याप्रमाणें याच्या मुळांवर नत्राच्या गांठी येत नाहींत. पाला हिरवळीच्या खतास चालतो, पण त्यांतील सत्त्व त्याच जमिनींतून आलेलें असतें. फुलांतून माशांना परागच मिळतो, मध नव्हे.

मग उपयोग कोणता? तो आम्ही नुकसान सोसून शिकलों. बांध स्वच्छ दिसावा म्हणून आम्हीं आमचा तरवड मुळासकट काढविला. पुढच्याच मोठ्या पावसांत बांध दोन ठिकाणीं फुटला आणि पिढ्यान् पिढ्या सांठलेली माती ओढ्यास मिळाली. शेजाऱ्याचा तरवडानें भरलेला बांध जागचा हलला नाहीं. एका अनुभवावरून सिद्धांत मांडण्याचा आमचा आग्रह नाहीं. पण गेलेली माती परत आली नाहीं, एवढें खरें.

हल्लीं यंत्रानें पोटखराबा एका दिवसांत सपाट होतो. तसें करण्यापूर्वी वाचकांनीं उतार व मातीची खोली पाहावी. खालीं मुरूमच असेल, तर तरवड राहूं द्यावा. बांधावरील झुडपें पेरणीपूर्वी छाटून पाला शेतांत पसरावा, म्हणजे पिकास सावलीची अडचण होत नाहीं. नवीन लावणें असल्यास बीं कठीण कवचाचें असतें. तें वाळूंत चोळून, रात्रभर भिजवून, पावसाच्या तोंडावर बांधाच्या उतारावर टोचावें.

कागदावर जें खराब म्हणून लिहिलें गेलें, तेंच वरच्या शेताची माती धरून असतें, हें लिहिणाऱ्यानें उशिरां कां होईना कबूल केलें पाहिजे.