कारखान्यातला यंत्रमानव

यंत्रमानव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पत्र्याचा माणूस येतो. पण कारखान्यातला यंत्रमानव तसा नसतो. त्याला डोके नाही, पाय नाहीत. जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवलेला नुसता एक मोठा हात असतो. खांदा, कोपर, मनगट सगळे वळते. त्या हातात जे हत्यार द्याल ते काम तो करतो.

असा पहिला हात १९६१ साली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसवला. त्याचे नाव युनिमेट. साच्यातून निघालेले गरम धातूचे भाग तो उचलायचा. माणसाचा हात भाजला असता, त्याला काही नाही! १९६९ मध्ये जपानच्या कावासाकी कंपनीनेही तसा यंत्रमानव बनवला. तिकडे तेव्हा कामाला माणसे कमी पडत होती. आपल्याकडे माणसे काय कमी आहेत?

आता गंमत बघा. २०२३ साली जगात दर १०,००० कामगारांमागे १६२ यंत्रमानव होते, पण दक्षिण कोरियात १,०१२. आमच्या वर्गात आम्ही ३० मुले. आमचा वर्ग म्हणजे कोरियातला कारखाना धरला तर आमच्यात तीन यंत्रमानव बसतील. जगाचा हिशोब धरला तर अर्धासुद्धा नाही. कोरियात मोटारी आणि टीव्ही-मोबाईलचे भाग खूप बनतात म्हणून तिथे एवढे.

त्याच वर्षी चीनने २,७६,२८८ नवे यंत्रमानव बसवले आणि भारताने ८,५१०. म्हणजे आपण एक बसवला तेव्हा त्यांनी बत्तीस. हा भागाकार मी दोनदा केला.

एका देशातही ते सगळीकडे सारखे नसतात. जिथे मोटारी तिथे यंत्रमानव. अमेरिकेत मिशिगन, ओहायो, इंडियाना या राज्यांत जास्त. आपल्या पुणे जिल्ह्यात ते चाकणला आहेत. गाडीच्या पत्र्याला हजारो ठिकाणी वेल्डिंगचे टाके पडतात. ते टाके यंत्रमानव न दमता मारतो, आणि प्रत्येक टाका जागच्या जागी.

माझा दादा आय.टी.आय. शिकून वेल्डिंगलाच लागला. (कंपनीचे नाव लिहू नको म्हणाला.) त्याच्या लाईनवर बारा पोरे होती. दिवाळीनंतर तिथे दोन यंत्रमानव आले आणि आता चारच पोरे उरली. दादा त्या चारांत आहे, पण कंत्राटावर. आई रोज विचारते, "काय रे, बोलले का काही?"

दादा सांगतो, यंत्रमानवाला आपोआप काही येत नाही. आधी माणूस त्याला शिकवतो. हातात बटणांची पाटी घेऊन इथे ये, इथे थांब, इथे टाका मार, असे एकेक ठिकाण दाखवावे लागते. मग तो तेच हजार वेळा करतो. हे शिकवायचे काम दादा आता रविवारी शिकतोय. फीसाठी आईने एक शेळी विकली.

गाडीच्या आतल्या वायरी मात्र बहुतेक माणसेच बसवतात, अगदी जपानमध्येसुद्धा. वायर मऊ असते, दर वेळी वेगळी वळते, ती यंत्रमानवाला नीट धरता येत नाही. दादाने त्या विभागासाठी पण अर्ज दिलाय. पुढच्या महिन्यात कळेल.