ज्वालामुखींची प्रतवारी आणि आपल्या विहिरीचा काळा पाषाण

गेल्या उन्हाळ्यांत गांवाकडील एक शेतकरी स्नेही आमच्याकडे गिरगांवांत उतरले होते. त्यांनीं कर्ज काढून विहीर खणली; चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, पाणी नाहीं. चौपाटीवर बसलों असतां आम्हीं मलबार टेकडी दाखवून म्हटलें, "ही टेकडी व तुमचा पाषाण एकाच कुळांतले, ज्वालामुखीचे." त्यांस हसूं आलें. "मग त्या डोंगराचें तोंड कोठें आहे?" प्रश्न रास्त होता.

महसूल खात्यांत जमिनीची प्रत रंग, खोली व दोष पाहून ठरवीत. ज्वालामुखीची प्रत मुख्यत्वें रसाचा चिकटपणा व तो बाहेर पडण्याची वाट पाहून ठरते. चिकट रसांत वायु कोंडतो व स्फोट होतो. राख आणि रस यांचे थर साचून उंच निमुळता डोंगर बनतो. जपानचा फुजी, इटलीचा व्हेसुव्हियस व १८८३ सालीं फुटलेला क्राकाटोआ या जातीचे. अंदमानांतील बॅरन बेट, जें १९९१ पासून पुन्हां धुमसूं लागलें, तेंहि याच वर्गांतलें. रस पातळ असल्यास तो दूर वाहतो व पालथ्या ढालीसारखा डोंगर होतो. हवाई बेटांतील मौना लोआ तसा आहे. तिसरी जात जळक्या खड्यांच्या राशीची. फेब्रुवारी १९४३ मध्यें मेक्सिकोंत दियोनिसियो पुलिदो नामक शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतांतच जमीन फाटली आणि वर्षभरांत पारिकुटिनचा तीनशें मीटरांहून उंच डोंगर उभा राहिला. त्या बिचाऱ्यास सारा माफ झाला कीं नाहीं, हें वाचनांत आलें नाहीं! जागृत, निद्रिस्त व मृत ही विभागणी निराळी. ती स्थितीची, जातीची नव्हे.

आमच्या दख्खनचा मामला याहून वेगळा. येथें डोंगराला तोंड नव्हतेंच. भूमीला लांबच लांब भेगा पडून पातळ रस पुरासारखा पसरला. हें सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं घडलें. आजहि ते थर सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहेत. सह्याद्रीच्या पायऱ्या म्हणजे तेच. नाशिक-पुण्याकडे, नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत व कोंकणांत उभ्या काळ्या भिंती आढळतात. त्या भेगांतच थिजलेला हा रस. १७८३ सालीं आइसलंडांत लाकी येथें अशीच लहानशी भेग फुटली, तर विषारी वायूनें कुरणें नासून निम्म्याहून अधिक जनावरें मेलीं व मागाहून दुष्काळ पडला.

दोन पुरांमध्यें मोठा काळ जाई. वरळीस अशा दोन थरांमधील चिखलाच्या खडकांत बेडकांचे सांगाडे सांपडले. ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. म्हणजे तेथें मध्यंतरीं तळें होतें.

येथें स्नेही सावरून बसले. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र, ज्यास विहीरवाले मांजऱ्या म्हणतात. तो कुजून मुरूम होतो व पाणी धरतो. मधला भाग घट्ट. त्यांत भेग असेल तरच पाझर. तेव्हां पाषाणाखालीं दुसऱ्या थराचा माथा किती खोल आहे, हा खरा प्रश्न. तो आम्हांस गिरगांवांतून सांगतां येईना. शेजारच्या विहिरींत कोणता खडक किती फुटांवर लागला, तें कागदावर उतरवून घ्या आणि तोंवर सुरुंगावर पैसा घालूं नका, एवढें आम्हीं सांगितलें. परवां त्यांचें पत्र आलें. चार विहिरींचीं मापें झालीं आहेत, पांचवीचा मालक अद्याप दोर सोडूं देत नाहीं.