शेवटची बारी

चिबा प्रांतातलं सावारा हे कालव्याकाठचं जुनं व्यापारी गाव. वयाच्या ५५व्या वर्षी घराबाहेर पडून जपानचा किनारा पायी मोजणारे नकाशाकार इनो तादाताका इथलेच. आता हे गाव कातोरी शहरात मोडतं. त्याच परिसरात, बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत सावारा ज्युनिअर जिम्नॅस्टिक्स क्लबची मुलं सराव करत. शेजारच्या नारितात ७ ऑगस्ट २००१ रोजी जन्मलेला दाइकी हाशिमोतो दोन थोरल्या भावांच्या मागोमाग सहाव्या वर्षी या क्लबात दाखल झाला. पुढे पंधरा वर्षांच्या आत तो ऑलिम्पिक विजेता झाला. मधला रस्ता मात्र वाटतो तितका सरळ नव्हता.

जपानमध्ये या खेळाचं घराणं मोठं आहे. १९६० ते १९७६ या काळात पुरुषांचं सांघिक ऑलिम्पिक सुवर्ण ओळीने पाच वेळा जपानकडे गेलं. मग कोहेई उचिमुरा आला. सहा जागतिक सर्वांगीण, म्हणजे सगळ्या साधनांच्या बेरजेवरची, विजेतेपदं आणि लंडन व रिओ इथली दोन ऑलिम्पिक सुवर्णं मिळवून त्याने पुढच्या प्रत्येक मुलासमोर एक डोंगर उभा करून ठेवला. फुनाबाशीच्या महापालिका हायस्कूलमध्ये शिकणारा हाशिमोतो २०१९मध्ये श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेसाठी निवडला गेला, तेव्हा त्या संघात उचिमुरा नव्हता आणि फ्लोअरचा जगज्जेता केंझो शिराईही नव्हता. शाळकरी वयात जागतिक स्पर्धेतल्या जपानच्या पुरुष संघात येणारा शिराईनंतरचा तो दुसराच. संघाला कांस्य मिळालं.

त्याच्या खेळात नेमकं काय वेगळं होतं, हे समजायला गुणांची रीत माहीत हवी. २००६पासून दहापैकी दहा ही जुनी पद्धत गेली. आता कसरतीच्या काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाईचे दहातून कापत जायचे : गुडघा किंचित वाकला, पायाचे अंगठे सुटले, की ०.१; चूक त्याहून मोठी असेल तर ०.३ किंवा ०.५, पडलं तर पूर्ण एक गुण. काठिण्य वर्षभरात वाढवता येतं. सफाई लहानपणीच अंगात भिनावी लागते. माझ्या मते हाशिमोतोची खरी कमाई हीच आहे आणि तिची मुळं सावाराच्या त्या व्यायामशाळेत आहेत.

हॉरिझॉन्टल बार हे साधन जवळून पाहिलं की छातीत धस्स होतं. २.४ मीटर लांबीची, जेमतेम २८ मिलिमीटर जाडीची पोलादी कांब, जमिनीपासून सुमारे २.८ मीटर उंच. तळव्यांवर मॅग्नेशियमची पांढरी पूड, मनगटांवर चामडी पट्टे. खेळाडू पूर्ण झोक्यात कांब सोडतो, तिच्यावरून कोलांटी घेत अंगाला पीळ देतो आणि खाली येताना तीच कांब पुन्हा पकडतो. ही पकड क्षणभर चुकली तर उरतो तो थेट मॅटवरचा आपटा. सहा साधनांच्या ऑलिम्पिक क्रमात बार शेवटी येतो. फ्लोअरपासून सुरुवात करणाऱ्या गटाचा निकाल इथेच लागतो, तोही हातातली ताकद संपत आलेली असताना. हाशिमोतोचं हे हुकमी साधन.

मार्च २०२०मध्ये टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं. त्याच वसंतात हाशिमोतो जुन्तेंदो विद्यापीठात दाखल झाला. अनेक मुरलेल्या खेळाडूंना ते वर्ष जड गेलं. वाढीच्या वयातल्या हाशिमोतोच्या मात्र ते पथ्यावर पडलं. २०२१च्या एप्रिलमध्ये तो राष्ट्रीय सर्वांगीण विजेता झाला, मे महिन्यात त्याने एनएचके कपही जिंकला.

टोकियोत २४ जुलैला उचिमुरा पात्रता फेरीतच बारवरून पडला. दोन दिवसांनी सांघिक अंतिम फेरी. जपानतर्फे शेवटच्या साधनावर शेवटची बारी होती हाशिमोतोची. त्याने १५.१०० गुण मिळवले. मग रशियन ऑलिम्पिक समितीच्या संघाचा निकिता नागोर्नी फ्लोअरवर उतरला आणि १४.६६६ घेऊन गेला. रशियन संघ २६२.५००, जपान २६२.३९७ आणि रौप्य. फरक ०.१०३. एका पावलाचा. रिओत दीपा कर्माकरचं पदक ०.१५०ने हुकलेलं आपण पाहिलं आहे. या अपूर्णांकांची सल आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

२८ जुलैच्या सर्वांगीण अंतिम फेरीत पाच साधनांनंतर हाशिमोतो तिसरा होता. बारवर त्याने १४.९३३ मिळवले आणि एकूण ८८.४६५ गुणांनी चीनच्या शियाओ रुओतेंगला ०.४ने मागे टाकलं. वय १९. ऑलिम्पिकच्या इतिहासातला सर्वांत तरुण पुरुष सर्वांगीण विजेता.

त्या रात्रीच वाद पेटला. व्हॉल्टवरून उतरताना त्याचा पाय मॅटबाहेर गेला होता, तरी १४.७०० गुण मिळाले. दुसरीकडे कसरत संपल्यावर पंचांना अभिवादन न केल्याबद्दल शियाओचे ०.३ कापले गेले होते. समाजमाध्यमांवर हाशिमोतोवर शिव्यांचा भडिमार झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने व्हॉल्टवरच्या वजावटींचा तपशील देऊन निकाल योग्य असल्याचं सांगितलं आणि खुद्द शियाओने चाहत्यांना खेळाडूंवर तुटून पडू नका, असं आवाहन केलं. व्हॉल्टचे गुण सढळ वाटणाऱ्यांची शंका मी समजू शकतो. पण शियाओला ते ०.३ परत दिले, तरी तो ८८.३६५वरच थांबतो. शिवाय ३ ऑगस्टला बारच्या अंतिम फेरीत हाशिमोतोने १५.०६६ गुणांसह दुसरं सुवर्ण घेतलं. एकोणीस वर्षांच्या मुलाने तेवढ्या गदारोळानंतर पुन्हा त्या कांबीला हात घातला, हे मला पदकापेक्षा मोठं वाटतं.

ऑक्टोबरमध्ये जागतिक स्पर्धा किताक्युशूला झाली. हे उचिमुराचं जन्मगाव. त्याची शेवटची मोठी स्पर्धाही हीच. ऑलिम्पिक संघात जागा न मिळालेला चीनचा झांग बोहेंग इथे ८७.९८१वर पोहोचला, हाशिमोतो ८७.९६४वर. फरक ०.०१७. सफाईवर उभ्या असलेल्या खेळाडूच्या नशिबी सफाईतलाच एवढासा कण कमी पडावा! या पराभवाबद्दल कमी लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं, कारण हाशिमोतोचा पुढचा खेळ इथूनच घडत गेला.

नोव्हेंबर २०२२मध्ये लिव्हरपूलला तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. हाशिमोतो ८७.१९८, झांग ८६.७६५. पहिलं जागतिक सर्वांगीण विजेतेपद हाशिमोतोकडे आलं. संघाला मात्र तिथेही रौप्यच मिळालं, चीनच्या मागे. सांघिक सुवर्णासाठी त्याला २०२३च्या अँटवर्पपर्यंत थांबावं लागलं.